मालक ‘नोबडी’ का दिसतो? कर्बेरॉस लावलेल्या एनएफएस शेअरवरची ओळख-जुळवणी कशी तपासायची

एनएफएस शेअर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायला मिळालेला सर्व्हरवरचा फोल्डर, व्यवस्थित माउंट झालाय (आपल्या मशीनला जोडला गेलाय). कर्बेरॉसचं तिकीट (ओळख पटवणारा ठरावीक मुदतीचा दाखला) आहे, फोल्डर उघडतोय, फायली दिसताहेत. पण ‘एलएस मायनस एल’ दिलं की मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव: नोबडी, म्हणजे निनावी खातं. कधी नेमकं उलटं होतं. नावं सगळी बरोबर दिसतात, पण स्वतःच्याच फोल्डरमध्ये काही लिहायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’.

अशा वेळी हात आपोआप ‘सीएचमॉड 777’कडे, म्हणजे सर्वांना सगळ्या परवानग्या देऊन टाकण्याकडे, जातो. कृपया तो आवरा. बिघाड ओळखीत आहे, परवानग्यांत नाही. 777 केल्याने ओळख दुरुस्त होत नाही. बिघाडाची खूण तेवढी पुसली जाते, आणि सर्व्हरच तुम्हाला ओळखत नसेल तर पुढे तयार होणारी प्रत्येक फाइल नोबडीच्या खात्यावर जमा होत राहते. ती साफसफाई नंतर तुम्हालाच करावी लागते.

इथे लिनक्सचा सर्व्हर, लिनक्सचा क्लायंट, एनएफएसची चौथी आवृत्ती आणि कर्बेरॉस असा संच गृहीत धरला आहे. कमांड उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत द्यायच्या, आणि ‘मायनस’ म्हणजे पर्यायाच्या आधीची आडवी रेघ.

आधी हे समजून घ्या: प्रश्न एक नाही, दोन आहेत

सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 साली एनएफएस आणलं. तेव्हापासून तिसऱ्या आवृत्तीपर्यंत बहुतेक ठिकाणी व्यवहार निव्वळ आकड्यांचा होता. क्लायंट सांगायचा ‘मी 1001’, सर्व्हर मान डोलवायचा. दोन मशीनवर 1001 हा आकडा दोन वेगळ्या माणसांचा निघाला तर घोळ व्हायचा. आणि क्लायंटवर रूट असलेला कोणीही हवा तो आकडा लावून दुसऱ्याच्या फायली वाचू शकायचा. चौथ्या आवृत्तीने फाइलीचा मालक नावाने सांगायला सुरुवात केली: ‘अनघा ॲट एक्झाम्पल डॉट कॉम’, असा. त्यावर कर्बेरॉस आला की विनंती करणाऱ्याची ओळखही तिकिटावरून ठरते, क्लायंटच्या शब्दावरून नाही.

म्हणजे सर्व्हरपुढे दोन वेगळे प्रश्न येतात.

पहिला: दारात कोण उभं आहे? विनंतीसोबत कर्बेरॉसचं प्रिन्सिपल (तिकिटावरचं पूर्ण नाव) येतं. सर्व्हर त्याचं रूपांतर आपल्याकडच्या यूआयडीत (वापरकर्त्याच्या आकड्यात) करतो, आणि लिहू द्यायचं की नाही ते त्या यूआयडीवरून ठरतं. हे काम सर्व्हरवर जीएसएसप्रॉक्सी किंवा जुन्या मांडणीत आरपीसी डॉट एसव्हीसीजीएसएसडी करतो.

दुसरा: दारावरची पाटी कोणाची? म्हणजे फाइलीच्या मालकाच्या आकड्याचं नाव करणं आणि नावाचा पुन्हा आकडा करणं. सर्व्हरवर हे आरपीसी डॉट आयडीमॅपडी करतो. क्लायंटवर कर्नल गरज पडेल तेव्हा एनएफएसआयडीमॅप नावाचा छोटा प्रोग्राम बोलावतो आणि आलेलं उत्तर कीरिंगमध्ये (कर्नलच्या आतल्या साठ्यात) साठवून ठेवतो.

दोन्हींचे प्रोग्राम वेगळे, दोन्हींचे कॅश वेगळे, आणि पुष्कळदा सेटिंगच्या फायलीही वेगळ्या. त्यामुळे एक बिघडून दुसरं धडधाकट राहू शकतं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले ‘आयडीमॅपडी डॉट कॉन्फमध्ये डोमेन टाका’ इथेच थांबतात. मी स्वतः एकदा पूर्ण दिवस त्या फाइलीत घालवला आहे. बिघाड दाराचा होता आणि त्या फाइलीचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी बिघाड दाराचा की पाटीचा, हे नक्की करा.

पहिली पायरी: एक फाइल बनवा आणि दोन ठिकाणांहून पाहा

क्लायंटवर साध्या वापरकर्त्याने, रूटने नाही, शेअरवर ‘टच’ने एक रिकामी फाइल बनवा. ती बनतच नसेल तर तात्पुरता एक चाचणी फोल्डर सर्वांना लिहिण्याजोगा करून त्यात बनवा, आणि चाचणी संपल्यावर तो काढून टाका. आता क्लायंटवर ‘एलएस मायनस एलएन’ द्या. ‘एन’मुळे नावाऐवजी आकडा दिसतो. मग सर्व्हरवर लॉगिन करून मूळ डिस्कवरच्या त्याच फाइलीवर हीच कमांड द्या.

सर्व्हरवर योग्य यूआयडी आहे, पण क्लायंटवर 65534 (नोबडीचा आकडा) दिसतंय: दार ठीक, पाटी बिघडलेली. हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी धोक्याचा प्रकार.

सर्व्हरच्या डिस्कवरच 65534 आहे: दार बिघडलंय. सर्व्हरने तुम्हाला ओळखलंच नाही आणि निनावी म्हणून आत घेतलं. इथे क्लायंटवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

क्लायंटवर 65534 ऐवजी 4294967294 असा लांबलचक आकडा दिसला तर वेगळी शंका घ्या. हा उणे दोन आहे, 32 बिटांत मांडलेला. एनएफएसआयडीमॅपने शोधून नाव सापडलं नाही तर तो नोबडीचा आकडा देतो. हा लांब आकडा बहुतेक वेळा कर्नलला उत्तरच मिळालं नाही याची खूण असतो. प्रोग्राम इन्स्टॉल आहे का आणि रिक्वेस्ट-कीच्या सेटिंगमध्ये ‘आयडी रिझॉल्व्हर’ची ओळ आहे का ते पाहा. जुन्या कर्नलमध्ये कीरिंगची मर्यादा 200 कींची होती. वापरकर्ते जास्त असले की पहिल्या काहींची नावं दिसायची आणि उरलेल्यांची नाही.

हे सगळं कंटेनरच्या आत चाललं असेल तर आधी बाहेर, होस्टवर तपासा. यूजर नेमस्पेसमध्ये न जुळवलेला कोणताही यूआयडी 65534च दिसतो. त्याचा एनएफएसशी काही संबंध असेलच असं नाही.

दुसरी पायरी: माउंट खरंच कशाने झालाय?

क्लायंटवर ‘एनएफएसस्टॅट मायनस एम’ द्या आणि ‘व्हर्स’ व ‘सेक’ हे दोन शब्द शोधा. ‘सेक’समोर केआरबी5, केआरबी5आय किंवा केआरबी5पी हवं. तिथे ‘सिस’ (नुसत्या आकड्यांची जुनी पद्धत) असेल तर कर्बेरॉस वापरातच नाही, आणि तुमचा प्रश्न निराळा आहे.

यात एक फसवा भाग आहे. ‘सिस’ माउंटवर लिनक्सचा क्लायंट आणि सर्व्हर दोघेही मुळात नावांची जुळवणी बंद ठेवतात आणि आकडेच पाठवतात. ‘एनएफएस4 डिसेबल आयडीमॅपिंग’ हा तो पर्याय. त्याची मूळ किंमत 1 असते. त्यामुळे वर्षानुवर्षं डोमेन चुकीचं असूनही सगळं सुरळीत दिसतं. ज्या दिवशी तुम्ही केआरबी5 लावता त्या दिवशी नावं पाठवायला सुरुवात होते आणि जुनी चूक उघडी पडते. दोष कर्बेरॉसला दिला जातो, चूक मात्र आधीपासून तिथेच असते.

पाटी बिघडली असेल तर

दोन्ही मशीनवर ‘एनएफएसआयडीमॅप मायनस डी’ द्या. प्रत्यक्षात लागू असलेलं डोमेन ते सांगतं. दोन्हीकडे तंतोतंत एकच उत्तर यायला हवं. सेटिंगच्या फाइलीत काय लिहिलंय यापेक्षा या कमांडच्या उत्तरावर विश्वास ठेवा. ‘डोमेन’ची ओळ फाइलीत असते, पण तिच्यासमोरची हॅशची खूण काढायची राहून गेलेली असते.

फाइलीत डोमेन दिलेलं नसेल तर ते मशीनच्या पूर्ण नावावरून घेतलं जातं: होस्टचं नाव वगळून उरलेला भाग. एका मशीनचं पूर्ण नाव ठरलेलं नसलं की ते ‘लोकलडोमेन’वर येऊन थांबतं. लॉगमधली ‘डझ नॉट मॅप इन्टू डोमेन’ ही ओळ बहुधा इथूनच येते. क्लायंट एका उपडोमेनमध्ये आणि सर्व्हर दुसऱ्या उपडोमेनमध्ये असला तरी हेच होतं. उपाय सोपा आहे: ईटीसी फोल्डरमधल्या आयडीमॅपडी डॉट कॉन्फमध्ये ‘जनरल’ विभागात दोन्हीकडे एकच डोमेन स्पष्ट लिहा. हे डोमेन खऱ्या डीएनएस डोमेनशी जुळलंच पाहिजे असं नाही. ते जुळवणीपुरतं ठरवलेलं सामायिक नाव आहे. सर्वांनी एकच वापरलं म्हणजे झालं.

डोमेन जुळतंय तरी नोबडी? मग त्या मशीनला तो वापरकर्ता मुळात माहीत आहे का ते पाहा. क्लायंटवर ‘गेटएन्ट पासडब्ल्यूडी अनघा’ द्या. सर्व्हरवर तेच, पण नावाऐवजी यूआयडी देऊन. उत्तर रिकामं आलं तर प्रश्न एनएफएसचा नसून वापरकर्त्यांची माहिती पुरवणाऱ्या एलडॅप, एसएसएसडी किंवा विनबाइंडचा आहे. आकडे दोन्हीकडे एकच असण्याची गरज नाही. नाव दोन्हीकडे सापडलं पाहिजे.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी (मायक्रोसॉफ्टच्या वापरकर्ता-नोंदवहीशी) जोडलेल्या मशीनवर एक खास अडचण येते. एसएसएसडीत ‘यूज फुली क्वालिफाइड नेम्स’ चालू असेल तर वापरकर्त्याचं स्थानिक नावच ‘अनघा ॲट एडी डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ असतं. एनएफएस त्याला आपलं डोमेन आणखी जोडतं, किंवा उलट दिशेने डोमेन काढून टाकून नुसती ‘अनघा’ शोधतं, आणि ती कोणालाच सापडत नाही. तीन वाटा आहेत: एसएसएसडीत छोटी नावं वापरणं, आयडीमॅपडी डॉट कॉन्फमधला ‘नो-स्ट्रिप’ पर्याय, किंवा ‘ट्रान्सलेशन’ विभागात एसएसएसडीची स्वतःची ‘एसएसएस’ पद्धत लावणं. एकच डोमेन असेल तर मी पहिली वाट निवडतो. हलणारे भाग तितके कमी.

आता कॅश, कारण बरोबर केलेली दुरुस्ती लोक इथेच फसलेली समजतात. क्लायंटच्या कीरिंगमधलं उत्तर 600 सेकंद टिकतं, आणि ‘नोबडी’ हेही त्याच्या दृष्टीने एक उत्तरच असतं. डोमेन सुधारून लगेच ‘एलएस’ दिलं तर जुनाच नोबडी दिसतो, मग माणूस बरोबर केलेलं पुन्हा बिघडवून बसतो. दर बदलानंतर हा क्रम पाळा: सर्व्हरवर ‘एनएफएस-आयडीमॅपडी’ सेवा पुन्हा सुरू करा, क्लायंटवर रूटने ‘एनएफएसआयडीमॅप मायनस सी’ देऊन कीरिंग रिकामी करा, एसएसएसडी असेल तर दोन्हीकडे ‘एसएसएस कॅश मायनस कॅपिटल ई’. मग एखादं मिनिट थांबून पाहा, कारण फाइलीची माहितीही क्लायंट थोडा वेळ जपून ठेवतो. तरीही शंका उरली तर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. क्लायंटवर मात्र आरपीसी डॉट आयडीमॅपडी पुन्हा सुरू करण्यात वेळ घालवू नका. आताच्या लिनक्स क्लायंटवर त्याला काही काम उरलेलं नाही.

दार बिघडलं असेल तर

इथे जास्त काळजी घ्या. क्रम तिकिटापासून सर्व्हरच्या आतपर्यंत असू द्या.

क्लायंटवर ‘केलिस्ट’ द्या. तिकीट आहे का, मुदत संपली नाही ना, आणि प्रिन्सिपल नेमकं कोणाचं आहे? आपण एका नावाने लॉगिन करतो आणि ‘केइनिट’ दुसऱ्याच नावाने दिलेलं असतं, असं बरेचदा होतं. शेअरला हात लावल्यावर यादीत एनएफएस सेवेचं तिकीट वाढलेलं दिसायला हवं. ते येतच नसेल तर क्लायंटवर आरपीसी डॉट जीएसएसडी चालू आहे का पाहा, आणि दोन्ही मशीनची घड्याळं जुळवा. कर्बेरॉस साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. माउंट करताना आयपी पत्ता देऊ नका, सर्व्हरचं पूर्ण नाव द्या, आणि ते नाव व पत्ता डीएनएसमध्ये दोन्ही दिशांनी जुळतात का तपासा.

सर्व्हरवर ‘केलिस्ट मायनस के’ देऊन कीटॅबमध्ये (गुप्त की साठवलेल्या फाइलीत) एनएफएस सेवेची की आहे का पाहा. तिच्याशेजारचा आवृत्तीक्रमांक क्लायंटवर ‘केव्हीएनओ’ कमांड देऊन मिळणाऱ्या क्रमांकाशी जुळायला हवा. कोणीतरी कीटॅब नव्याने काढली की क्रमांक वाढतो आणि सर्व्हरवरची जुनी कीटॅब निकामी होते. सर्व्हर मात्र तीच धरून बसतो.

हे सगळं ठीक असूनही सर्व्हर नवी फाइल 65534च्या नावावर टाकत असेल, तर प्रिन्सिपलचं रूपांतर फसतंय. ते कोण करतं हे आधी शोधा. सर्व्हरवर प्रॉक फोल्डरखाली नेट, त्याखाली आरपीसी, आणि त्यात ‘यूज-जीएसएस-प्रॉक्सी’ नावाची फाइल असते. तिच्यात 1 असेल तर काम जीएसएसप्रॉक्सीकडे आहे.

जीएसएसप्रॉक्सी असेल तर नियम येतात केआरबी5 डॉट कॉन्फमधल्या ‘ऑथ टू लोकल’मधून. मूळ नियम इतकाच आहे: आपल्या मुख्य रिल्मचं (कर्बेरॉसच्या कार्यक्षेत्राचं) आणि एकाच भागाचं प्रिन्सिपल असेल तर रिल्म काढून उरलेलं नाव वापरा. म्हणजे ‘अनघा’ चालते. ‘अनघा स्लॅश ॲडमिन’ चालत नाही, आणि विश्वासाच्या नात्याने जोडलेल्या दुसऱ्या रिल्ममधली अनघाही चालत नाही. दुसऱ्या रिल्मचे वापरकर्ते हवे असतील तर त्यांच्यासाठी सर्व्हरवर नियम लिहावा लागतो. तो लिहिताना दोन रिल्ममधल्या एकाच नावाच्या दोन माणसांना चुकून एक करून टाकू नका. तिथे चूक झाली तर एकाच्या फायली दुसऱ्याच्या हातात जातात, आणि कुठेही एरर येत नाही.

जुना एसव्हीसीजीएसएसडी असेल तर नियम आयडीमॅपडी डॉट कॉन्फमधून येतात: ‘लोकल-रिल्म्स’मध्ये तुमची रिल्म मोठ्या अक्षरांत आहे का पाहा, आणि अपवादांसाठी ‘स्टॅटिक’ विभागात प्रिन्सिपल बरोबर स्थानिक नाव अशी ओळ घाला. जीएसएसप्रॉक्सी असलेल्या सर्व्हरवर हीच ‘स्टॅटिक’ ओळ लिहून लोक वाट पाहत बसतात. तिथे प्रिन्सिपलसाठी ती कोणी वाचतच नाही.

रूपांतर होऊन मिळालेलं नाव सर्व्हरला माहीत हवंच, म्हणून शेवटी सर्व्हरवर ‘आयडी अनघा’ देऊन पाहा. आणि एक्स्पोर्टच्या (सर्व्हरवरून शेअर देण्याच्या सेटिंगच्या) ओळीत ‘ऑल स्क्वॉश’ राहून गेलेलं नाही ना, तेही. ते असेल तर सर्व्हर सर्वांनाच निनावी करतो आणि वरचं काहीही तपासून उपयोग नसतो.

रूट, क्रॉन आणि सूडो

कर्बेरॉसच्या शेअरवर क्लायंटचा रूट म्हणजे सर्व्हरचा रूट नव्हे. रूटच्या विनंत्या साधारणपणे मशीनच्या कीटॅबमधल्या ओळखीने जातात, आणि ‘होस्ट स्लॅश मशीन’ अशा प्रिन्सिपलला सर्व्हरवर खातं नसल्याने ती निनावी ठरते. वर ‘रूट स्क्वॉश’ (रूटला निनावी करणारा पर्याय) मुळातच चालू असतं. म्हणून रूटने केलेलं ‘सीएचओन’ अडलं तर तो बिघाड नाही. मालकी सर्व्हरवर जाऊन बदला.

क्रॉनमधलं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम दिवसा चालतं आणि रात्री ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘की हॅज एक्स्पायर्ड’ देतं, त्याचं कारण तिकिटाची मुदत. अशा कामांना स्वतःचं सेवा-खातं आणि स्वतःची कीटॅब द्या. माणसाच्या तिकिटावर त्यांना जगवू नका. सूडोने दुसऱ्याचं खातं घेतल्यावरही तसंच: यूआयडी बदलतो, तिकीट सोबत येत नाही. उलट बाजूने, ‘केडिस्ट्रॉय’ दिल्यावर प्रवेश लगेच बंद झाला असं समजू नका. कर्नलने आधी उभारलेला सुरक्षित दुवा सेवेच्या तिकिटाची मुदत संपेपर्यंत टिकू शकतो. ओळख बदलून चाचणी घेताना हे विसरलात तर निकाल दिशाभूल करतील.

गट आणि ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’

कर्बेरॉसमध्ये गटांची यादी क्लायंट पाठवत नाही, सर्व्हर स्वतः काढतो. त्यामुळे ‘सिस’मधली 16 गटांची मर्यादा इथे लागू नाही, पण क्लायंटवरच्या ‘आयडी’ कमांडचं उत्तरही निरर्थक ठरतं. सर्व्हरवरचं पाहा. नव्या गटात घेतलेल्या माणसाला अजून प्रवेश नसेल तर सर्व्हरवर एसएसएसडीचा कॅश आणि ‘एक्स्पोर्टएफएस मायनस एफ’ने कर्नलचा कॅश रिकामा करा, आणि मग क्लायंटवर माउंट नव्याने करा.

‘सीएचओन’ किंवा ‘सीएचजीआरपी’ने ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हटलं तर अधिकार नाही. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हटलं तर पाठवलेलं नाव सर्व्हरला ओळखता आलं नाही. एका शब्दावरून दार की पाटी हे कळतं, म्हणून एरर नेहमी शब्दशः वाचा आणि नोंदवा.

तरीही सापडत नसेल तर

आयडीमॅपडी डॉट कॉन्फमध्ये ‘व्हर्बोसिटी’ वाढवा, क्लायंटच्या जीएसएसडीला ‘मायनस व्ही’ तीनदा द्या, आणि दोन्हीकडचे लॉग शेजारी शेजारी ठेवून एकच फाइल बनवून पाहा. तारेवरून नेमकं कोणतं नाव जातंय ते बघायचं असेल तर पोर्ट 2049वर टीसीपीडम्प लावा. केआरबी5पीमध्ये मजकूर कूटबद्ध असतो आणि काहीच वाचता येणार नाही. एक्स्पोर्टमध्ये परवानगी असेल तर चाचणीपुरता शेअर केआरबी5ने माउंट करा. नावाच्या शेवटी कोणतं डोमेन आहे हे डोळ्यांनी दिसलं की अंदाजाचं काम संपतं.

दुरुस्ती झाल्यावर चाचणीचा फोल्डर काढा, व्हर्बोसिटी पूर्ववत करा, कोणी 777 केलेलं असेल ते मागे घ्या. मग सर्व्हरवर ‘फाइंड’ला ‘मायनस यूआयडी 65534’ देऊन त्या काळात नोबडीच्या नावावर पडलेल्या सर्व फायलींची यादी काढा. ती सरसकट एकाच्या नावावर करू नका. कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या वेळी बनल्या ते पाहून, संबंधित माणसाला विचारून, एकेक गठ्ठा योग्य मालकाकडे सोपवा.